डोंगरी शर्यतीची सायकल : कार्बनची चौकट आणि तिचे माप

सायकल शिकताना तुमच्यापैकी पुष्कळांनी घरातल्या मोठ्या माणसाची सायकल वापरली असेल. सीटवर बसले तर पाय पेडलला पोचत नाहीत. म्हणून आडव्या नळीखालून एक पाय पलीकडे घालायचा आणि अंग वाकडे करून अर्धे अर्धे पेडल मारायचे! सायकल चालते खरी; पण दम लवकर लागतो, चढ चढवत नाही आणि उतारावर तोल राहत नाही. यात दोष सायकलीचा नसतो आणि आपलाही नसतो. दोष असतो मापाचा.

आता कल्पना करा, की तुमची निवड डोंगरी सायकल शर्यतीसाठी झाली आहे. घरच्यांनी पै-पै साठवून चांगली चौकट घेऊन देण्याचे कबूल केले आहे. दुकानात कार्बनची एक काळीभोर, हलकी चौकट टांगलेली आहे. एका बोटावर उचलली जाते! ती घ्यावी का? तिच्यावर ‘एम’ असे अक्षर आहे, ते तुमचे माप आहे का? चूक झाली, तर पैसे गेले आणि शर्यतही गेली. या प्रश्नांची उत्तरे शाळेतल्या भौतिकशास्त्राने आणि त्रिकोणमितीने देता येतात. ती कशी, ते आज पाहू.

ही शर्यत कसली?

१९७६ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, मरीन परगण्यातील डोंगरावर काही तरुण जाड टायरांच्या जुन्या, अवजड सायकली घेऊन उतारावर शर्यती लावू लागले. उतार इतका तीव्र, की मागच्या चाकातील ब्रेकचे ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. म्हणून त्या शर्यतीचे नावच ‘रीपॅक’, म्हणजे ‘पुन्हा भरा’, असे पडले. त्यांच्यापैकी जो ब्रीझ याने १९७७ मध्ये खास डोंगरासाठी पोलादी नळ्यांची नवी चौकट बनवली. १९९६ च्या अटलांटा येथील ऑलिंपिकमध्ये हा खेळ दाखल झाला.

ऑलिंपिकमध्ये जी शर्यत होते तिला क्रॉस-कंट्री म्हणतात. साधारण ४ ते ६ किलोमीटरच्या वाटेवर अनेक फेऱ्या मारायच्या असतात आणि सारी शर्यत सुमारे दीड तासात संपते. वाटेत खडे चढ, दगडगोटे, झाडांची मुळे आणि सरळ खाली जाणारे उतार असतात. ब्रिटनच्या टॉम पिडकॉक याने २०२१ मध्ये टोकियोला आणि २०२४ मध्ये पॅरिसला सुवर्णपदक मिळवले. पॅरिसला तर त्याचे चाक मध्येच पंक्चर झाले होते. चाक बदलून, अर्ध्या मिनिटापेक्षा अधिक पिछाडी भरून काढून तो जिंकला. असा हा खेळ सेकंदांचा आहे. म्हणूनच चौकटीचा इतका विचार करावा लागतो.

चौकटीचे काम

चौकटीला दोन परस्परविरोधी कामे करावी लागतात. आपण पेडल दाबतो तेव्हा चौकट पिळू पाहते. ती जितकी कमी पिळेल तितके बरे. उलट दगडावरून चाक उडते तेव्हा तिने सीटखाली थोडे लवचीक असावे, म्हणजे पाठीला हिसका बसत नाही. एकीकडे ताठ, एकीकडे लवचीक, आणि शिवाय हलकी!

यातला पहिला उपाय आकाराचा आहे. समजा, एकाच धातूच्या सारख्या लांबीच्या दोन नळ्या आहेत. पहिलीचा व्यास ३० मि.मी. व भिंतीची जाडी २ मि.मी.; दुसरीचा व्यास ६० मि.मी. व भिंतीची जाडी १ मि.मी. दोहोंत धातू जवळजवळ सारखाच लागतो, म्हणजे वजनही सारखेच. परंतु पातळ नळीचा वाकण्याला होणारा विरोध हा व्यासाचा घन गुणिले भिंतीची जाडी, या प्रमाणात असतो. व्यास दुप्पट झाला म्हणून विरोध ८ पट झाला. जाडी निम्मी झाली म्हणून तो अर्धा झाला. म्हणजे दुसरी नळी ४ पट ताठ! आपल्या नेहमीच्या पोलादी सायकलीच्या नळ्या बारीक आणि शर्यतीच्या सायकलीच्या जाडजूड का दिसतात, ते आता कळले.

मग भिंत आणखी पातळ आणि नळी आणखी जाड का करू नये? सरबताचा रिकामा पत्र्याचा डबा हातात दाबून पाहा. तो लगेच चेपतो. एका मर्यादेपलीकडे भिंत पातळ केली, की नळी वाकण्याआधीच चेपते. इथे पदार्थ बदलण्याची गरज पडते.

कार्बनचा तंतू

एडिसनने आपल्या दिव्यासाठी सूत आणि बांबू भाजून कार्बनचे तंतू केले होते, हे तुम्ही वाचले असेल. ते तंतू ठिसूळ होते. बळकट कार्बन तंतू मात्र १९५८ नंतर अमेरिका, जपान आणि ब्रिटन या देशांतील संशोधनातून तयार झाले. पॉलिॲक्रिलोनायट्राइल या कृत्रिम धाग्याला ताणून धरून प्रथम हवेत २०० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. नंतर निष्क्रिय वायूत १००० अंशांहून अधिक तापवतात. कार्बनखेरीज बाकी मूलद्रव्ये बहुतेक निघून जातात आणि सुमारे ७ मायक्रोमीटर जाडीचा, म्हणजे केसाच्या एक-दशांश जाडीचा, काळा तंतू उरतो.

सुटा तंतू दोऱ्यासारखाच असतो. तो ताणाला पक्का असला तरी उभा राहू शकत नाही. म्हणून हजारो तंतू शेजारी-शेजारी ठेवून इपॉक्सी नावाच्या राळेत भिजवतात. राळ घट्ट झाली, की तंतू ताण सोसतात आणि राळ त्यांना जागेवर धरून ठेवते. यालाच आपण नुसते ‘कार्बन’ म्हणतो.

आता पुढील आकडे पाहा. पहिला आकडा घनता (ग्रॅम प्रति घन सें.मी.), दुसरा यंग गुणांक (गिगापास्कल), म्हणजे ताठपणाचे माप, आणि तिसरा त्यांचा भागाकार, म्हणजे वजनाच्या मानाने ताठपणा. आकडे स्थूलमानाने दिले आहेत.

पोलाद : ७.८५ – २०५ – २६
ॲल्युमिनियम : २.७ – ७० – २६
टायटॅनियम : ४.५ – ११० – २४
कार्बन, सर्व तंतू एकाच दिशेत, त्या दिशेने ताणल्यास : १.६ – १३५ – ८४
तोच कार्बन, तंतूंना आडवा ताणल्यास : १.६ – ९ – ६
कार्बन, तंतू चार दिशांत सारखे वाटल्यास : १.६ – ५० – ३१

या कोष्टकात मोठी गंमत आहे. तिन्ही धातूंचा तिसरा आकडा जवळजवळ सारखाच आहे! कार्बन तंतूंच्या दिशेने त्यांच्या तिपटीहून ताठ आहे, परंतु आडव्या दिशेने चौथ्या हिश्शाइतकाही नाही. आणि तंतू सगळीकडे सारखे वाटून टाकले, तर धातूंच्या पुढे तो थोडासाच जातो. म्हणजे ‘कार्बन’ या शब्दात जादू नाही. कोणता तंतू कोठे, कोणत्या दिशेत घातला, यात सारे कौशल्य आहे.

खडू काय शिकवतो?

वर्गातला एक खडू दोन्ही टोकांना धरून पिळा. तो सरळ आडवा तुटत नाही, तर अक्षाशी सुमारे ४५ अंशांचा कोन करून, मळसूत्रासारखा तुटतो. याचे कारण असे, की पिळामुळे सर्वांत जास्त ताण त्या तिरक्या दिशेत पडतो. हँडलपासून पेडलच्या आसापर्यंत येणारी तिरकी नळी पेडल दाबताना पिळली जाते. म्हणून तिच्यात बरेच तंतू दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत तिरके घालतात. सीटकडून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्या मात्र बारीक व चपट्या करतात, म्हणजे त्या किंचित लवतात. ताठपणा आणि लवचीकपणा एकाच चौकटीत आणता येतो तो असा.

अशी चौकट करण्यासाठी राळ लावलेल्या कापडाचे शेकडो तुकडे ठरलेल्या दिशेत साच्यात बसवतात, आतून फुग्याने दाब देतात आणि साचा तापवतात. शिंप्याच्या कापडाप्रमाणे इथे प्रत्येक तुकड्याला उभे-आडवे असते. आणि शिंप्याच्या कपड्यापेक्षा एक मोठा फरकही असतो : शिवण उसवून माप वाढवता येत नाही! पोलादी चौकट कुशल कारागीर थोडी वाकवून घेतो, नळी बदलून झाळतो. कार्बनची चौकट साच्यातून निघाली, की तिचे माप कायमचे ठरले. प्रत्येक मापाला वेगळा साचा लागतो, म्हणून कारखाने चार-पाच मापेच बनवतात. त्यांतले आपले कोणते, हे आपणच आधी ओळखले पाहिजे.

चौकटीची दोन खरी मापे

आपल्याकडच्या नेहमीच्या सायकली २२ इंची, २४ इंची अशा ओळखल्या जातात. हे माप सीटच्या नळीच्या लांबीचे. आडवी नळी जमिनीला समांतर असे तोवर ते पुरेसे होते. डोंगरी सायकलीत ती नळी मागे उतरती असते, त्यामुळे सीटच्या नळीची लांबी फारसे सांगत नाही. ‘एस’, ‘एम’, ‘एल’ ही अक्षरे तर त्याहून कमी सांगतात, कारण एका कारखान्याचे ‘एम’ दुसऱ्याच्या ‘एल’ला मिळू शकते.

म्हणून पेडलच्या आसाचा मध्य हा आरंभबिंदू धरा. तिथून सरळ वर एक रेषा काढा. हँडलची नळी जिथे वर संपते, तो दुसरा बिंदू. आरंभबिंदूपासून या बिंदूची उभी उंची म्हणजे ‘स्टॅक’ आणि आडवे अंतर म्हणजे ‘रीच’. आलेखावरील क्ष आणि य निर्देशकच हे! बहुतेक कारखाने प्रत्येक चौकटीचे हे आकडे आपल्या पत्रकात देतात.

उभे राहून पेडल मारताना रीच महत्त्वाचा. बसून चालवताना मात्र सीटच्या नळीचा कोनही मोजावा लागतो, कारण सीट आरंभबिंदूच्या मागे असते. समजा, स्टॅक ६०० मि.मी. आणि रीच ४३० मि.मी. आहे. सीटच्या नळीचा जमिनीशी कोन ७५ अंश असेल, तर स्टॅकच्या उंचीवर ती नळी ६०० भागिले ३.७३२, म्हणजे १६१ मि.मी. मागे जाते. बसण्यापासून हँडलच्या नळीपर्यंतची लांबी ४३० + १६१ = ५९१ मि.मी. झाली. तोच कोन ७३ अंश असेल, तर ६०० भागिले ३.२७१ = १८३ आणि एकूण ६१३ मि.मी. कोन फक्त दोन अंशांनी बदलला आणि लांबी २२ मि.मी.ने वाढली. एवढ्याने खांदे आणि कंबर दुखू लागतात.

दोन चौकटींची तुलना करताना आणखी एक सापळा आहे. पहिलीचा रीच ४३० व स्टॅक ५९०. दुसरीचा रीच ४४० व स्टॅक ६२०. फरक १० मि.मी.चा वाटतो. पण हँडल सारख्याच उंचीवर हवे असेल, तर पहिलीत ३० मि.मी. उंचीच्या चकत्या घालाव्या लागतील. हँडलची नळी ६८ अंशांत कललेली असल्याने वर जाताना हँडल मागेही सरकते. ३० भागिले टॅन ६८, म्हणजे १२ मि.मी. पहिलीचा खरा रीच ४१८ राहिला. फरक १० नव्हे, २२ मि.मी. निघाला. म्हणून रीचची तुलना नेहमी सारख्या स्टॅकवर करावी.

आपल्या शरीराचे माप

अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभे राहा. पायांत सुमारे १५ सें.मी. अंतर ठेवा. एक पुठ्ठ्याचे पुस्तक पायांमध्ये धरून, सीटवर बसल्यासारखे वाटेल इतके वर दाबा. पुस्तकाची वरची कड भिंतीवर खुणावून जमिनीपासूनची उंची मोजा. ही झाली पायाची आतली लांबी. तिला ०.८८३ ने गुणले, की पेडलच्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंतचे अंतर स्थूलमानाने मिळते. हे सूत्र फ्रान्सचे प्रशिक्षक सिरिल गिमार आणि त्यांचा शिष्य ग्रेग लेमाँड यांच्यामुळे प्रसिद्ध झाले.

उदाहरणार्थ, पायाची लांबी ७७ सें.मी. असल्यास ७७ × ०.८८३ = ६८ सें.मी. पेडल सर्वांत खाली असताना गुडघा पूर्ण सरळ न होता २५ ते ३५ अंश वाकलेला राहिला, की हे बरोबर जमले असे समजावे. आता ७५ अंशांच्या सीट-नळीवर ६८ सें.मी.ची उभी उंची ६५.७ सें.मी. येते. चौकटीचा स्टॅक ६० सें.मी. असेल, तर हँडल सीटच्या जवळपास किंवा किंचित खाली बसवता येईल. क्रॉस-कंट्रीला असेच हवे. का, ते पुढच्या गणितात दिसेल.

चढावर पुढचे चाक का उचलते?

समजा, स्वार आणि सायकल मिळून गुरुत्वमध्य जमिनीपासून १.१ मीटर उंच आणि मागच्या चाकाच्या टेकण्याच्या जागेपासून ०.४५ मीटर पुढे आहे. दोन चाकांतले अंतर १.१३ मीटर. सपाटीवर पुढच्या चाकावर भाराचा ०.४५ भागिले १.१३, म्हणजे ४० टक्के वाटा येतो. आता १०० मीटरला २० मीटर चढणारी वाट घ्या. गुरुत्वमध्यातून जाणारी उभी रेषा मागच्या बाजूला १.१ × ०.२ = ०.२२ मीटर सरकते. उरले ०.२३ मीटर, आणि पुढच्या चाकाचा वाटा २० टक्के. निम्मा झाला! चढ ४१ टक्के झाला, की वाटा शून्य, चाक हवेत!

चौकट आखूड असेल तर अंग ताठ राहते, गुरुत्वमध्य मागे आणि वर जातो आणि चाक याच्याही आधी उचलते. फार लांब असेल तर हात ताणले जातात आणि उतारावर वजन मागे घेता येत नाही. योग्य मापाचा अर्थ हाच, की चढावर पुढे आणि उतारावर मागे सरकण्याला स्वाराला पुरेशी जागा मिळावी.

वजनाचे गणित

कार्बनच्या चांगल्या शर्यती चौकटीचे वजन, मागे दणका-शोषक नसल्यास, सुमारे १ कि.ग्रॅ. असते. तशीच ॲल्युमिनियमची चौकट सुमारे १.६ कि.ग्रॅ. भरते. फरक ६०० ग्रॅमचा; म्हणजे पाण्याच्या भरलेल्या एका लहान बाटलीचा. शर्यतीत एकूण १२०० मीटर चढ असेल, तर हे वजन वर नेण्यास ०.६ × ९.८ × १२०० = ७०५६ जूल लागतात. ३०० वॅट शक्ती देणाऱ्या स्वाराचे यात सुमारे २४ सेकंद जातात.

२४ सेकंदांत पदक हुकू शकते, हे खरे. पण दुसरी बाजूही मोजा. स्वार व सायकल मिळून ८० कि.ग्रॅ. असतील, तर सारा चढ चढण्यास ३०० वॅटने सुमारे ३१३६ सेकंद लागतात. चुकीच्या मापामुळे शक्ती फक्त १ टक्क्याने, म्हणजे ३ वॅटने घटली, तरी सुमारे ३१ सेकंद गेले! शिवाय उतारावर भीतीने ब्रेक धरले त्याचे वेगळेच. मापात बसणारी ॲल्युमिनियमची चौकट ही मापात न बसणाऱ्या कार्बनच्या चौकटीला हरवते, ती अशी.

दणका-शोषक मागेही असलेली चौकट याहून जड, पावणेदोन ते दोन कि.ग्रॅ.च्या घरात असते. अलीकडे वाटा फार खडतर झाल्याने अनेक नामांकित स्पर्धक हे जादा वजन पत्करतात. तुमच्या शर्यतीची वाट गुळगुळीत असेल, तर त्याची गरज नाही.

जपणूक

धातू वाकून आधी सूचना देतो. कार्बन तसे करीत नाही. दगडाचा जोराचा फटका बसला, तर वरचा रंग शाबूत राहून आतले थर सुटू शकतात. अशा वेळी नाण्याने हळूच ठोकत जावे. खणखणीत आवाज एकाएकी बद्द झाला, तर चौकट जाणकाराला दाखवल्याशिवाय वापरू नये. वापरलेली चौकट विकत घेताना ही परीक्षा जरूर करावी. मात्र एवढ्यावरच विसंबू नये. नवी घेताना ती ‘आयएसओ ४२१०’ या प्रमाणाची आहे ना, हे विचारावे. त्यात चौकटीवर पेडलचा दाब १ लाख वेळा देऊन पाहतात.

स्क्रूही अंदाजाने आवळू नयेत. सीटच्या पट्ट्यावर बहुधा ५ न्यूटन-मीटर अशी मर्यादा लिहिलेली असते. २० सें.मी. लांबीच्या पान्याच्या टोकाला २५ न्यूटन, म्हणजे सुमारे अडीच किलोचे वजन टांगल्याइतकेच बल! सवयीने आपण याच्या कितीतरी पट जोर लावतो आणि नळी चिरते.

आणि शेवटची गोष्ट शिक्षक व पालकांसाठी. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांची उंची अजून वाढत असते. आज मापात बसलेली महागडी कार्बनची चौकट वर्षभरात आखूड पडेल. उंची स्थिर होईपर्यंत योग्य मापाची ॲल्युमिनियमची सायकल घ्यावी आणि दर तीन महिन्यांनी पायाची लांबी वहीत नोंदवावी. निवडीचा क्रम असा : आधी शरीर, मग स्टॅक-रीच, मग पदार्थ, आणि वजन सर्वांत शेवटी.

करून पाहा

१. वर्तमानपत्राचा कागद एकदा उभा आणि एकदा आडवा फाडा. एका दिशेने तो सरळ फाटतो, दुसऱ्या दिशेने वेडावाकडा. कागदातील तंतूंना दिशा असल्याचा हा पुरावा. दोन तुकडे एकमेकांना काटकोनात चिकटवून, वाळल्यावर पुन्हा फाडून पाहा.

२. सारख्या आकाराच्या दोन कागदांच्या एक बारीक व एक जाड अशा नळ्या करा. दोन पुस्तकांवर आडव्या ठेवून मधोमध वजन टांगा. कोणती आधी वाकते आणि कोणती चेपते?

३. आपल्या घरच्या सायकलीचा स्टॅक आणि रीच ओळंबा व मोजपट्टीने काढा.

सोडवा

१. पायाची आतली लांबी ८२ सें.मी. असल्यास सीटची उंची किती?

२. हँडलची नळी ६८ अंशांत आहे. हँडल २० मि.मी. उंच केल्यास रीच कितीने घटेल?

३. वरील चढावर स्वाराने पुढे वाकून गुरुत्वमध्य १ मीटर उंचीवर आणि ०.५० मीटर पुढे आणला, तर पुढच्या चाकाचा वाटा किती होईल?

(उत्तरे : ७२.४ सें.मी.; ८ मि.मी.; सुमारे २७ टक्के.)